ध्रुवपद जाऊबाईंच्या डब्यात

शालनकाकू डोईफोडे यांची ज्वारीची भाकरी मंगळवारी पहिल्यांदा गायली, आणि बेसूर गायली. तुकडा मोडला की आधी गिटार खडखडायची, मग एक पोरगा घसा फुटल्यागत म्हणायचा, 'तुझी चप्पल माझ्या दारात, माझी चप्पल गेली कुठं?' ड्रमवाला तर कायम एक ठोका मागे. काकूंना ते इतकं गोड लागलं, की कालवण वाटीत तसंच निवलं. पण ध्रुवपद येणार येणार म्हणेपर्यंत गाणं तुटायचं. दुसरी भाकरी मोडून पाहिली, तीही तिथंच तुटली.

काकू तडक गिरणीत गेल्या.

"'ओला टॉवेल' बँड आहे तो," गिरणीवाला बब्रुवान अंगावरचं पीठ झटकत म्हणाला. "पोरं वर माळ्यावर वाजवतात. घरघरीत आपलं कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून इथं आली. आवाज खाली पिठात पडतो, त्याला मी काय करू? चाहते मोजकेच आहेत, पण लई कट्टर. दळण स्वतः घेऊन येतात."

"ध्रुवपद कुठाय?"

"तुमच्या मागच्या डब्यात गेलं. मी नंबरानं दळतो."

"मग परत वाजवायला सांग की!"

"एकदा वाजवलेलं पुन्हा तसंच येत नाही त्यांना. प्रयत्न करून झाला."

"माझ्या मागं कोण होतं?"

बब्रुवाननं मान खाली घातली. "तुमच्या धाकट्या जाऊबाई."

झालं! विमल! भर लग्नात काकूंच्या शेंगाचटणीला 'बरी आहे' म्हणाली होती ती. तेव्हापासून दोघींत अबोला. काकूंनी रागारागानं नुसता भात खाल्ला, पण गाणं काही डोक्यातून जाईना. जीव टांगणीला लागला. शेवटी, मान गेला चुलीत, म्हणत त्यांनी भाकरी फडक्यात बांधली आणि विमलच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

विमलनं पाट मांडला. तिच्याही ताटात भाकरी अर्धवट मोडलेली होती. बिचारीला गाण्याची सुरुवातच ठाऊक नव्हती.

काकूंनी आपला तुकडा मोडला. गाणं तुटायच्या जागी आलं, तसा विमलनं आपला मोडला. ठोका चुकला, गिटारची तार तुटली, माळ्यावर कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि ध्रुवपदात चप्पल सापडली.

काकूंचे डोळे भरून आले. "विमल, अगं, मी काय म्हणते..."

"गप बसा हो अक्का," विमल म्हणाली. "अजून एक कडवं आहे."