जमनाच्या बक्षिसाचा कर

१९५८ साली जमनाने नवरा वारल्यावर त्याची होडी विकली आणि त्यातले दोन हजार रुपये सातपाटीच्या धाकट्या भावाच्या, एकनाथच्या हातावर ठेवले. "तुझ्या होडीला इंजिन बसव. परत करायचं नाय. बहिणीनं दिलंय."

एकनाथ हवेतच होता. मच्छीमार सोसायटीतल्या नरहरीने त्याला खाली आणलं.

"बक्षीस दिलं-घेतलं की आता सरकार कर घेतं. नवा कायदा हाय."

"घरच्या घरात?"

"घरच्या घरात!"

एकनाथला भीतीपेक्षा नवलच वाटलं. बहिणीने भावाच्या हातावर काय ठेवलं, हे दिल्लीत कसं कळत असेल? त्याच्या बायकोला, हंसाला मात्र नवलबिवल काही वाटलं नाही. "इंजिन राहू दे, हाय ती होडी पण जप्त होईल. आधी पैसे परत करा!"

दोघं जमनाच्या गावी, दांडीला गेली. जमना बोंबील टांगत होती. एकनाथने कारण सांगून पैशांचं फडकं पुढे केलं. तिने हात मागे घेतले.

"दिलेलं परत करतोस? आन मी घेतलं, तर ते तुझं मला बक्षीस नाय का झालं? म्हंजे कर माझ्या डोक्यावर!"

हे हंसाच्याही ध्यानात आलं नव्हतं. शेजारची हिरा समजूत घालायला आली, तर नवरा-बायको तिच्याच हातात फडकं द्यायला लागली. "मला नको तुमचं बक्षीस!" म्हणत तिने दार लावून घेतलं. फडकं ओट्यावर पडून राहिलं. कावळ्याने त्याला चोच मारली तेव्हा तिघंही झेपावली आणि जवळ जाऊन थबकली.

अखेर पालघरचे खंडेराव वकील गाठले.

"कर बक्षीस देणाऱ्याने भरायचा, घेणाऱ्याने नाही," वकील म्हणाले. एकनाथचा जीव भांड्यात पडला. मग बहिणीकडे बघून त्याला लाज वाटली.

"आणि देणाऱ्यालाही वर्षात दहा हजारांच्या वर दिलं तरच. दोन हजारांना कोणी विचारत नाही."

हंसाने फडकं चटकन कमरेला खोचलं. जमनाचा चेहरा मात्र उतरला.

"एवढं दिलं, ते सरकार धरतच नाय? कर भरला असता तर पावती मिळाली असती. बहिणीनं भावाला दिलं, असं सरकारी शिक्क्यानिशी झालं असतं."

एकनाथ बहिणीजवळ सरकला.

"ताय, वाईट वाटून घेऊ नको. आणखी आठ हजार आन वर थोडं दे, म्हंजे पावती मिळेल. मी घ्यायला तयार हाय."