शूलपाणी साळिंदराच्या उच्च शिक्षणाबाबत

विषय : व्यवस्थापनाची पदवी घेण्यासाठी दोन वर्षांची रजा मिळणेबाबत.
अर्जदार : शूलपाणी साळिंदर, सॉफ्टवेअर लिहिणारा, पाणवठा विभाग.
संदर्भ : वैशाखातल्या सभेत अर्जदाराचा झालेला पाणउतारा.

उपरोक्त विषयाची हकिगत अशी आहे, मुलांनो, की एका जंगलात पाणवठा एकच होता आणि पिणारे पुष्कळ. पूर्वी वाघ आणि हरणं एकाच वेळी पाण्यावर यायची. मग दोघांपैकी एका पक्षाला पाणी प्यायची गरजच उरायची नाही.

शूलपाणीनं यावर उपाय काढला. त्यानं संगणकावर एक प्रणाली लिहिली. कुणी कधी पाण्यावर यायचं ते वडाखालच्या पडद्यावर दिसू लागलं. हरणांची संख्या वाढली. वाघाचं वजन थोडं कमी झालं, पण ते वैद्यांनी सांगितलंच होतं.

वैशाखात सिंह महाराजांनी सभा बोलावली. सपाट खडकावर उभं राहून चंपतराव कोल्ह्यानं सगळी योजना समजावून सांगितली. चंपतराव शूलपाणीचा साहेब. त्याच्याकडं डोंगरापलीकडच्या विद्यापीठाची एमबीए होती. त्यानं सहा रंगीत चित्रं दाखवली. एकाही चित्रात पाणी नव्हतं.

"हे केलं कुणी?" महाराजांनी विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी मिळून, महाराज," चंपतराव म्हणाला.

खाली उन्हात बसलेल्या शूलपाणीनं एक काटा वर केला.

"हा कोण?"

"टेक्निकल आहेत, महाराज," चंपतराव हळूच म्हणाला. घरातल्या आजारी प्राण्याबद्दल पाहुण्यांना सांगावं, तसं.

शूलपाणीचे सगळे काटे उभे राहिले. शेजारची दोन रानडुकरं जरा सरकून बसली. त्याच दिवशी त्यानं ठरवलं, आपणही एमबीए करायचं.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. रेवतीबाई कंद सोलत होत्या.

"अहो, तुम्हाला शिकायचंय, की चंपतरावांच्या शेजारी बसायचंय?"

"दोन्ही एकच आहे."

"मग उद्या जाऊन बसा की खडकावर. त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवता?"

"डिग्रीशिवाय बसलं की उतरवतात."

"आणि डिग्री घेऊन बसलात, तर तुमचं हे पाण्याचं कोण बघणार?"

"त्याचंच तर शिक्षण आहे. दुसऱ्याकडून कसं करून घ्यायचं, ते शिकवतात."

"माझ्याकडून करून घ्यायला तुम्हाला कुठलं विद्यापीठ लागलं नाही ते!" असं म्हणून रेवतीबाईंनी सोललेले कंद त्याच्यापुढं ठेवले.

तरी निर्णय मोठा होता. म्हणून शूलपाणी विलास सशाकडं गेला. विलास पूर्वी त्याच्याच शेजारी बसून सॉफ्टवेअर लिहायचा. मग तो एमबीए करून आला आणि गवत विभागाचा प्रमुख झाला. आता त्याच्या बिळाला काचेचं दार होतं.

"खरं सांग विलास, फायदा झाला का?"

"झाला ना. पूर्वी मला सगळे विचारायचे, हे कधी होणार. आता मी विचारतो."

"मग बरं आहे की!"

"बरंच आहे," विलास म्हणाला. त्याचे कान थोडे खाली आले. "तुझी ती अमावस्येची भानगड सुटली का रे? वाघाची वेळ एक तास पुढं सरकायची ती?"

"परवाच सुटली."

"कशी?"

शूलपाणीनं काट्यानं मातीत आकडे काढून दाखवले. विलास बघत राहिला. बाहेर गवताच्या बैठकीसाठी बारा शेळ्या खोळंबल्या होत्या. त्यानं काचेचं दार आतून लावून घेतलं.

"शूलपाण्या, एक ओळ मला लिहू दे. एकच. कुणाला सांगू नकोस."

परत येताना शूलपाणीचा विचार दोन्हीकडं झुकत होता. शेवटी त्यानं मनाशी म्हटलं, अर्ज तर करू. मंजूर झाला तर जाऊ, नामंजूर झाला तर राहू. मुलांनो, शहाणे प्राणी अवघड निर्णय असेच कचेरीवर सोपवतात.

त्यानं अर्ज भरला. विद्यापीठाची मुदत श्रावणअखेरपर्यंत होती. आठ दिवसांनी तो कचेरीत गेला. तिथले कारकून कासवअण्णा.

"अण्णा, माझा अर्ज?"

"पुढं गेला."

"कुठवर?"

"अभिप्रायासाठी. पाणवठ्याची प्रणाली जो सांभाळतो, त्याच्याकडं."

"ती मीच सांभाळतो."

"मग तुमच्याकडंच आला असेल. बघा."

"अहो, स्वतःच्या अर्जावर स्वतःच अभिप्राय द्यायचा?"

"नियम आहे. रजेच्या सॉफ्टवेअरमध्येच बसवलाय."

"कुणी बसवला?"

अण्णांनी मान आत घेतली. उत्तर शूलपाणीलाच आठवलं. मागं एकदा चंपतराव म्हणाला होता, "जो काम सांभाळतो त्याला विचारल्याशिवाय कुणालाही रजा देऊ नये, असं काहीतरी करा." शूलपाणीनं ते केलं होतं. कुणाला चुकवता येऊ नये, इतकं पक्कं. त्या दिवशी स्वतःच्या कामावर खूश होऊन तो दोन कंद जास्त जेवला होता.

पडद्यावर प्रश्न होता : अर्जदाराच्या गैरहजेरीत काम चालू शकेल काय? होय अथवा नाही.

शूलपाणीनं 'होय' लिहिलं. मग त्याच्या मनात आलं, काम चालणारच असेल, तर दोन वर्षांनी आपल्याला परत कशाला घेतील? त्यानं 'होय' खोडलं आणि 'नाही' लिहिलं. मग रजाच मिळत नव्हती, आणि सगळा जन्म खडकाखाली जात होता. त्यानं 'नाही' खोडलं.

तो चंपतरावाकडं गेला.

"साहेब, काय लिहू?"

"जे योग्य वाटेल ते लिहा. तुमच्या निर्णयाच्या मागं मी ठाम उभा आहे."

उभा होता खरा, पण बराच मागं, सावलीत.

नियमच काढून टाकावा, असंही शूलपाणीच्या मनात आलं. एका ओळीचं काम होतं. पण नियम बदलायला अर्ज लागतो, आणि तो अर्ज अभिप्रायासाठी कुणाकडं येणार, हे त्याला कासवअण्णांना विचारावं लागलं नाही.

श्रावण संपला. विद्यापीठानं मुदत भाद्रपदापर्यंत वाढवली. भाद्रपदही संपला. पाणवठ्यावर वाघ वाघाच्या वेळेला येतो, हरणं हरणांच्या वेळेला. कासवअण्णांनी दोन स्मरणपत्रं पाठवली. ती अर्जदारास मिळाली. अर्ज सध्या अर्जदाराकडे अभिप्रायासाठी प्रलंबित आहे.

तात्पर्य : आपल्यावाचून सगळ्यांचं अडावं, इतकं चांगलं काम कधीही करू नये. त्यानं बढती तर मिळत नाहीच, रजाही मिळत नाही.