पाठीला पाठ

अकरा वाजता नोएडाच्या ऑफिसातून सिद्धांतच्या बॉस खन्ना मॅडम व्हिडिओवर येणार होत्या आणि त्याने बनवलेला गेम ठेवायचा की गुंडाळायचा, ते ठरवणार होत्या. गेम दोघांनी मिळून खेळायचा. कुलूप एकाच्या टॅबवर, किल्ल्या दुसऱ्याच्या. एकमेकांशी बोलल्याशिवाय दार उघडणं अशक्य. ठरलेल्या खेळाडूंनी पावणेअकराला अंग काढून घेतलं, तेव्हा सिद्धांतने मयूर विहारच्या घरी आईबाबांनाच पाठीला पाठ लावून बसवलं.

घाईत तो एक गोष्ट विसरला. रविवारी पाहुण्यांसमोर बाबा, म्हणजे निवृत्त सेक्शन ऑफिसर दीनानाथ, म्हणाले होते की कोथिंबीर वडी खावी तर कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमधली. तेव्हापासून आईने, म्हणजे वीणाताईंनी, अबोला धरला होता. घरातला सगळा व्यवहार सिद्धांतमार्फत चाले.

पाच मिनिटांचं घड्याळ सुरू झालं.

"सिद्धांत, बाबांना सांग, माझ्या कुलपावर मोर आहे."

"मी मध्ये बोलू शकत नाही गं, आई!"

"बिल्कुल नहीं," स्क्रीनवरून खन्ना मॅडम म्हणाल्या.

वीणाताई भिंतीकडे वळल्या. "कुणी मोराची किल्ली लावली तर बरं होईल."

"लावली आहे, असं कळवावं," दीनानाथांनी पंख्याला सांगितलं.

भिंतीच्या आणि पंख्याच्या मदतीने चार दारं उघडली. शेवटच्या दारावर सिद्धांतने स्वतःच हौसेने लिहिलं होतं: 'जोडीदाराचं कौतुक करा. त्याला पटलं, तर तो बटण दाबेल.'

चाळीस सेकंद उरले. बटण वीणाताईंकडे होतं.

"खेळ छान चाललाय," दीनानाथ पंख्याला म्हणाले.

बोट हललं नाही.

वीस सेकंद. वर्षभराची मेहनत पाण्यात जाताना बघत सिद्धांत उभा होता. दीनानाथांनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वीणा," चार दिवसांत पहिल्यांदाच ते म्हणाले, "वडी तुझीच चांगली."

"कँटीनपेक्षा?"

नऊ. आठ.

"कँटीनपेक्षा."

"मोठ्याने."

"कँटीनपेक्षा!"

दार उघडलं.

"क्या बात है, यार! अप्रूव्ड!" खन्ना मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "मंडे को लेव्हल टू. और मुझे यही कपल चाहिए."

स्क्रीन बंद झाली. दीनानाथांनी चष्मा काढून पुसला.

"सिद्धांत, आईला सांग, ते निवेदन दबावाखाली दिलेलं होतं."

वीणाताई उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"सिद्धांत, बाबांना सांग, सोमवारीही बटण माझ्याकडेच असणार आहे."