दूध-मलईची सुनावणी

‘खाणाऱ्याची जीभ हाच आपला मालक,’ बर्फात रोवलेला आइस्क्रीमचा डबा फिरवता फिरवता वडील म्हणायचे. तो आवाज ताईंच्या कानात अजून होता. वडील भोळे. जीभ माणसागणिक एक असते, असं ते धरून चालले.

अनुभव असा, की अख्ख्या गल्लीला एकच जीभ पुरते. (बाकीच्या बोलायला असतात.) ताईंच्या आइस्क्रीमच्या दुकानापुरती ती परीक्षककाकांकडे होती. रोज संध्याकाळी काका काउंटरपाशी उभे राहत, डोळे मिटत, चवीचा फुकट चमचा तोंडात घेत आणि निकाल देत. तोवर रांगेत कुणी पाकिटाला हात लावत नसे. स्ट्रॉबेरी ‘उतावीळ’ ठरली. कॉफी ‘हुशार, पण माणूसघाणी’. चॉकलेटला सुधारण्याची संधी देण्यात आली; त्याने ती घेतली नाही. पिस्त्याला काका नुसतं ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’चे रांगेत तीन अर्थ निघाले आणि तिन्ही अर्थांनी पिस्ता बंद पडला. दर दहा गिऱ्हाइकांमागे अकरा जण काकांशी सहमत असत. (अकरावा रस्त्याने चाललेला असे.)

राहता राहिली दूध-मलई. वडिलांनी शिकवलेली, ताईंचा जीव की प्राण. ती गेली की शटर ओढायचं, एवढंच उरत होतं.

तिची पाळी आली. काकांनी डोळे मिटले. ताईंनी चमचा इतक्या घाईनं पुढे केला, की मलई काउंटरवर सांडली आणि रिकामा चमचाच काकांच्या तोंडात गेला.

काका बराच वेळ घोळवत राहिले.

“गोडी जास्त झालीय.”

“काका,” ताई म्हणाल्या, “मलई इथं सांडलीय.”

काकांनी डोळे उघडले. मलईकडे पाहिलं, मग चमच्याकडे.

“खरं सांगू का ताई? मागच्या आजारपणानंतर मला चवच कळत नाही. थंड तेवढं कळतं. चमचा थंड होता.”

“मग इतके दिवस?”

“लोक विचारायचे हो. घरी मला कुणी काही विचारत नाही.”

रांगेनं हे सगळं ऐकलं. मग मागचे पिशवीवाले गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले, “ते असू द्या हो, काका. पण गोडी जास्त, म्हणजे साधारण किती?”

“फारच,” पुढच्या बाई म्हणाल्या. “मला तर वासावरूनच वाटलं.”

दूध-मलई त्याच संध्याकाळी बंद झाली. पाठोपाठ शटरही.

ही गोष्ट तुम्हाला आवडली का, ते शेजारी कुणी असेल तर विचारून घ्या.