व्हर्लिनची गाडी ओढते की नाही

गेलनचा फोन सकाळी सहाला आला आणि व्हर्लिन ऑस्टरहाउसची सुट्टी तिथेच नासली. गेलन म्हणजे बायकोचा, जोलीनचा, भाऊ. तो गुरुवारीच तळ्यावर जाऊन पोचला होता, आणि त्याचा आवाज असा की फोन व्हर्लिनच्या कानाला असला तरी ओट्यापाशी उभ्या असलेल्या जोलीनला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"व्हर्ल, हट्ट सोड. तुझ्या त्या हलक्या पिकअपला एवढा कॅम्पर ओढवणार नाही. मी माझी मोठी डिझेल गाडी घेऊन येतो. दीड तासात तुमच्या दारात."

"तुला कोणी बोलावलंय?"

"कोणी नाही. मी आपलं मार्चपासून सांगतोय."

"मग आता जुलै आहे. दमला असशील. बस जरा," असं म्हणून व्हर्लिनने फोन ओट्यावर आपटला.

या रागाला अकरा वर्षांचा इतिहास होता. दर चार जुलैच्या सुट्टीला जोलीनची सगळी भावंडं तळ्याकाठी जमत आणि अकरा वर्षं व्हर्लिन गेलनच्या कॅम्परमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडायच्या चाकांवरच्या घरात, झोपत आला होता. झोपत कशावर, तर जेवणाच्या टेबलावर. ते टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग होई, पण तो पलंग व्हर्लिनच्या गुडघ्यापर्यंतच पुरे. सकाळी कॉफी प्यायला पहिला उठणारा माणूस त्याच्या पायांना अडखळून उठवी आणि "टेबल हवंय" म्हणे. म्हणून या मार्चमध्ये त्याने स्वतःचा सव्वीस फुटी कॅम्पर घेतला. दुकानदाराने त्याची पिकअप लांबूनच बघून "आरामात ओढेल" असं सांगितलं होतं, आणि व्हर्लिनला तेवढंच ऐकायचं होतं. आज तो स्वतःच्या गाडीने, स्वतःचा कॅम्पर घेऊन, गेलनच्या नाकासमोरून तळ्यावर जाणार होता. हे झालं नाही तर पुढच्या प्रत्येक सणाला, मरेपर्यंत, ती गोष्ट टर्की कापता कापता ऐकावी लागली असती.

सामान त्याने आदल्या दिवशीच भरलं होतं, तेही डोकं चालवून. जनरेटर, लोखंडी भांडी, खुर्च्या, हत्यारांची पेटी, जोलीनच्या बीटाच्या लोणच्याच्या चोवीस बरण्या, सगळं कॅम्परच्या अगदी मागच्या टोकाला. पाण्याची टाकी मागेच होती, ती काठोकाठ. पिकअपच्या हौद्यात ओकची लाकडं. जोलीनने हे बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जड सामान पुढे लावायचं असतं, व्हर्लिन. बाबा वासरं न्यायचे तेव्हा—"

"वासरांचं वेगळं. वासरं हलतात. आणि हे बघ." त्याने कॅम्परचा पुढचा दांडा दोन्ही हातांनी थोडा उचलून दाखवला. "गाडीवर भारच नाही. मागे भरलं म्हणून."

जोलीन बारा वर्षांची असल्यापासून बापाची गुरांची गाडी चालवत आली होती. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली असली की बाई कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहून बघायचं हे शिकते. ती गप्प राहून गाडीत बसली.

पहिले दहा मैल व्हर्लिन शीळ घालत होता. दोन्हीकडे मका कमरेएवढा आलेला, रस्ता सरळ, ऊन कोवळं. गेलनची डिझेल त्याला आठवत होती ती फक्त तिला किती तेल लागतं एवढ्यापुरती. मग मागून धान्याचा एक मोठा ट्रक आला आणि त्यांना ओलांडून गेला.

ट्रकच्या वाऱ्याने कॅम्परची शेपटी डावीकडे गेली. ती परत आली ती नेमकी जागेवर न थांबता उजवीकडे गेली. मग पुन्हा डावीकडे, जास्त. आता पिकअपही तिच्याबरोबर नाचायला लागली. व्हर्लिनने स्टिअरिंग एकीकडे फिरवलं, मग दुसरीकडे, मग ब्रेकवर पाय दिला, आणि आरशात त्याला कॅम्परची खिडकी दिसली, जी तिथे दिसायला नको होती.

"पाय काढ ब्रेकवरून," जोलीन म्हणाली. तिने हात लांब करून स्टिअरिंगखाली असलेली कॅम्परच्या ब्रेकची छोटी कळ दाबून धरली. कॅम्परने दोन हिसके दिले आणि मुकाट्याने सरळ झाला. गाडी कडेच्या गवतावर थांबली. मागे लोणच्याची एक बरणी फुटल्याचा आवाज आला.

"वारा होता," व्हर्लिन म्हणाला.

जोलीन खाली उतरली, पर्स खांद्याला लावली आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागली.

"कुठे निघालीस?"

"लिंडेलला."

"लिंडेल दोन मैल आहे."

"चालत सुरक्षित आहे."

तो पिकअप तिच्या शेजारून माणसाच्या चालीने नेत राहिला आणि खिडकीतून बोलत राहिला. वाऱ्याबद्दल बोलला, ट्रकवाल्याबद्दल बोलला, सरकारी रस्त्यांबद्दल बोलला. शेवटी जोलीन थांबली. चौतीस वर्षांत तिने आवाज चढवला नव्हता आणि आताही चढवला नाही, पण व्हर्लिनला ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

"तू दिवसभर काय करतोस, व्हर्लिन? काट्यावर बसतोस. लोकांच्या गाड्या तोलतोस. आणि आपण दोघं जिच्यात बसून निघालो ती तोलावीशी वाटली नाही तुला. गेलन बरोबर ठरेल म्हणून. लिंडेलच्या काट्यावर घे. नाहीतर मी आपली चालतेय."

हे मात्र खरं होतं. व्हर्लिन सव्वीस वर्षं गावच्या सहकारी कोठाराचा वजनकाटा सांभाळत होता. शेतकऱ्यांच्या ट्रकला त्याच्याकडून वीस पौंडांची सूट कधी मिळाली नव्हती. आणि लिंडेलच्या कोठारावर त्याच कामाला होती अर्लिस व्होंड्रा, जिच्याशी तो वर्षानुवर्षं फोनवर बोलत होता आणि जिला समोर बघायची त्याला मुळीच इच्छा नव्हती.

अर्लिस खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिली. "काय रे, आज तू त्या बाजूला?"

"जोलीनचं समाधान म्हणून."

"ऑक्टोबरमध्ये माझ्या भावाला तू साठ पौंडांसाठी परत पाठवलंस. पावसात." तिने चष्मा चढवला. "घे काट्यावर. सावकाश. घाई नाही मला."

तिने आधी कॅम्पर जोडलेला ठेवून फक्त पिकअपची चाकं तोलली, मग कॅम्पर सोडायला लावून पुन्हा तोलली, आणि दोन आकड्यांमधला फरक कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवला.

"सहा हजार आठशेचा कॅम्पर आणि पिकअपच्या हुकावर त्याचा भार फक्त दोनशे ऐंशी. आठशेच्या वर हवा. त्याचं पुढचं टोक हवेत तरंगतंय, व्हर्लिन. मग शेपूट हलवणार नाही तर काय करणार. मागे काय भरलंयस?"

दार उघडलं तेव्हा बीटाचा लाल ओहोळ पायरीवरून खाली आला. अर्लिसने एकेक वस्तू बघितली. टाकीपाशी आल्यावर ती थांबली.

"हे पाणी?"

"प्यायला. भांड्यांना."

"तू तळ्यावर पाणी घेऊन चाललायस?"

व्हर्लिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी सोडून दिलं. जड सामान ओढून पुढे चाकांच्या पुढ्यात आणलं. सीटमागे एक खोकं न फोडलेलं सापडलं, त्यात दुकानदाराने दिलेल्या पोलादी पट्ट्या होत्या, हुकावरचा भार पिकअपच्या पुढच्या चाकांवर वाटून देणाऱ्या. व्हर्लिनने त्या विकणाऱ्याची लबाडी समजून बाजूला टाकल्या होत्या. दोघी बायकांनी खाली वाकून त्या बसवल्या. त्यांना अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात कोणी त्याला पाना मागितला नाही, हेही त्याला झोंबलं.

आता हुकावरचा भार बरोबर आला. आणि तो बरोबर आला म्हणूनच पिकअपवरचं ओझं जास्त झालं.

"ड्रायव्हरचं दार उघड," अर्लिस म्हणाली. "चौकटीवर कागद असेल. वाच."

सहा वर्षं तो त्या दाराने आत-बाहेर करत होता. कागद त्याने आज पहिल्यांदा वाचला. माणसं, सामान, हुकावरचा भार, सगळं धरून पिकअप सहा हजार नऊशेच्या आत हवी. काटा दाखवत होता सात हजार सहाशे वीस.

ओकची लाकडं खाली आली. हत्यारांची पेटी आली. जनरेटर आला, खुर्च्या आल्या, लोखंडी भांडी आली, उरलेल्या तेवीस बरण्या आल्या. कोठाराच्या अंगणात व्हर्लिनचा संसार लिलावाला मांडावा तसा मांडला गेला, आणि सकाळचे तीन शेतकरी ट्रकमधून उतरून शांतपणे बघत उभे राहिले. त्यांतल्या दोघांना व्हर्लिनने कधी ना कधी परत पाठवलेलं होतं.

"तुम्हा दोघांना धरून सात हजार एकशे वीस," अर्लिसने वाचलं. "अजून दोनशे वीस जास्त."

"दोनशे वीसने काय होतंय."

ते तिन्ही शेतकरी एकदमच त्याच्याकडे वळले. व्हर्लिनला आपण काय बोललो ते कळलं, पण उशीर झाला होता.

तेवढ्यात अंगणात एक डिझेल घरघरत शिरली. ती कोणाची हे बघायला त्याला मान वळवावी लागली नाही. जोलीनने फोन केला होता, चालता चालताच. गेलन उतरला, त्याने सामान बघितलं, कागद बघितला, लाल पायरी बघितली. त्याने नुसतं डिझेलच्या मागच्या हुकाकडे बोट दाखवलं.

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "सामान टाक तुझ्या हौद्यात, चालेल. पण माझा कॅम्पर तुझ्या गाडीमागे जाणार नाही. तो माझ्या पिकअपमागेच तळ्यावर जाईल. मी मेलो तरी."

"मरू नकोस," अर्लिस म्हणाली. "दोनशे वीस काढ आणि जा. आता उरलंय काय काढण्यासारखं?"

जोलीनने व्हर्लिनकडे बघितलं. मग अर्लिसने बघितलं. मग एकेक करून शेतकऱ्यांनी.

"मी?"

"दोनशे सत्तर आहेस तू," जोलीन म्हणाली. "डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं."

"दोनशे एकसष्ट. तेही बूट घालून."

"उभा राहा ना काट्यावर," अर्लिस म्हणाली. "भांडण कशाला?"

तो रागारागाने धान्याच्या ट्रकांच्या त्या काट्यावर मधोमध जाऊन उभा राहिला. "दोनशे ऐंशी," अर्लिस म्हणाली. "हा वीस-वीसनेच मोजतो. तुला माहीतच आहे."

आता दोनच मार्ग उरले होते आणि बाकीचे आपणच बंद करून बसलो होतो, हे व्हर्लिनला तिथेच, काट्यावर उभ्या उभ्या, कळून चुकलं. कॅम्पर गेलनच्या मागे लावायचा, की स्वतः गेलनच्या शेजारी बसायचं. त्याने किल्ल्या जोलीनच्या हातात दिल्या, तिच्याकडे न बघता.

जोलीन पुढे निघाली. मागे गेलनच्या डिझेलमध्ये व्हर्लिन, मांडीवर लोणच्याच्या बरण्यांचं खोकं, कारण हौदा भरला होता. गेलन आता काय काय बोलेल हे त्याला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला उत्तर त्याने तयार ठेवलं होतं. गेलन वीस मैल काहीच बोलला नाही. त्याने रेडिओ लावला, मक्याचा भाव ऐकला, रेडिओ बंद केला. तयार उत्तरं व्हर्लिनच्या घशात आंबत राहिली.

समोर कॅम्पर चालला होता. व्हर्लिनची नजर त्याच्या शेपटीवरून हलत नव्हती. जोलीनला काही होऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. पण एकदा, एकदाच, थोडं हलावं, एवढंच त्याचं मागणं होतं. गुरांनी भरलेला एक लांबलचक ट्रक मागून आला, गेलनला ओलांडून गेला, मग जोलीनला. कॅम्पर दोरी लावून आखल्यासारखा सरळ गेला. पुढे मोठा चढ आला. जोलीनने वेग जराही सोडला नाही.

गाडीतला फोन वाजला. जोलीनचा आवाज सगळीकडून आला. "गेलन, त्याला सांग, गाडी सुरेख चाललीय. चढावरसुद्धा काही कळलं नाही. तो म्हणत होता तेच खरं होतं."

गेलनने फोन बंद केला. मैलभर त्याने विचार केला, टोपी मागे सारली, आणि मग तो बोलला तो अगदी साध्या, प्रामाणिक आवाजात, त्यात खवचटपणाचा लवलेश नव्हता.

"व्हर्ल, मी चार महिने तुला उगाच बोललो. माझं चुकलं. तुझी गाडी ओढते."

हेच वाक्य ऐकण्यासाठी व्हर्लिनने कॅम्पर घेतला होता, लोणचं सांडलं होतं, आणि तो तीन शेतकऱ्यांसमोर काट्यावर उभा राहिला होता. ते आता मिळालं होतं, पुरतं, गेलनच्या तोंडून, आणि भांडायला त्यात कुठे जागा ठेवलेली नव्हती. इतका राग त्याला आयुष्यात आला नव्हता. त्याने खोक्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"पुढे बघून चालव," तो म्हणाला.