ज्याचं संत्रं गोड

पंचफुला सकाळपासून झाडाला संत्री बांधत होती.

वाचकांनी ओळ परत वाचायची गरज नाही. तोडत नव्हती, बांधत होती. देठाच्या जागी बाभळीचा काटा खुपसायचा, काट्याला पोलक्याच्या शिवणीतला उरलेला हिरवा दोरा गुंडाळायचा आणि फांदीला गाठ मारायची. मे महिना होता. मृगाचा बहार यावा म्हणून बाग ताणावर सोडलेली, म्हणजे पाणी तोडलेलं. पानं चिमलेली, फांद्या उघड्या, आणि त्यांच्यावर ही तुळतुळीत संत्री. म्हाताऱ्यानं नवी कवळी बसवून हसावं तशी सौंसरची ती बाग दिसत होती.

"थोडं आत बांध वो," खाली उभे राहून तिचे यजमान रघुनाथराव हुकूम सोडत होते. "सगळीच बाहेर बाहेर दिसून राहिली. खरं झाड असं दाखवत नाही."

"खरं झाड मे महिन्यात काहीच दाखवत नाही," पंचफुला शिडीवरून म्हणाली.

"तोंड चालवू नको, हात चालव. पाव्हणे नागपुराहून निघाले."

संत्र्यांची ही पेटी आणली होती हेमराजनं. हेमराज म्हणजे पंचफुलाचा धाकटा भाऊ, पांढुर्ण्याच्या मंडीतला संत्र्याचा दलाल. "भाऊजी, या दिवसात नागपुरात हेच भेटलं. बाहेर देशातलं हाय. पन साल सैल हाय आन रंग बराबर हाय. गोऱ्याले काय समजते?" प्रत्येक फळावर निळ्या पाखराचा एक स्टिकर होता. पंचफुलानं आदल्या दिवशी ते सगळे नखानं काढले आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला चिकटवले. लेक लहान असताना सफरचंदांवरचे स्टिकर तिथंच चिकटवायची. घराची सवय, दुसरं काही नाही.

*

हे का करावं लागलं, ते असं.

लेक सुचिता स्पेनमध्ये नोकरीला. तिथं तिनं जोर्दी नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा शांत, नाकासमोर चालणारा. पण त्याचा बाप विसेंते व्हॅलेन्सियाचा, आणि संत्र्याचा बागायतदार. आता एका म्यानात दोन तलवारी एक वेळ राहतील, पण एका व्हिडिओ कॉलमध्ये दोन संत्रावाले राहत नाहीत.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच कॉलला रघुनाथरावांनी आंबिया बहाराचं, म्हणजे त्याच दिवसांत उतरणारं संत्रं कॅमेऱ्याला इतकं जवळ धरलं की पलीकडे नुसता नारिंगी अंधार झाला. विसेंतेनं त्याचं संत्रं दाखवलं आणि सांगितलं की याच्यात बी नसते.

"बी नाही? मंग फळ कायचं ते? दवाखान्यातली गोळी हाय."

विसेंतेनं विचारलं, तुम्ही फळ खाता की तोंडात पेरणी करता?

मग विषय भातावर गेला. ते लोक पसरट कढईत पिवळा भात करतात आणि त्यात गोगलगायी घालतात, हे ऐकून रघुनाथराव खुर्चीतून उठले. "आमी बगीच्यातल्या गोगलगायी येचून बाहेर फेकतो. हे लोक येचून जेवतात!" विसेंतेनं उत्तर दिलं की तुमच्या लेकीनं आमच्याकडे जी भाजी केली, तिच्या तिखटानं आमच्या शेजाऱ्याचा कुत्रा अजून घरी आलेला नाही.

इथपर्यंत गंमत होती. मग लग्नाचा विषय निघाला. विसेंते म्हणाला, माझ्या बागेत, झाडांखाली टेबलं मांडून. रघुनाथराव म्हणाले, माझ्या दारी, मांडव घालून. दोन देशांची इज्जत पणाला लागली, आणि देशाची इज्जत पणाला लागली की माणूस जे करतो ते रघुनाथरावांनी केलं. नको ते बोलले.

"ज्याचं संत्रं गोड, त्याच्या दारी मांडव! आमच्या झाडाले बाराही महिने फळ असते. सांग त्याले, कवाही ये."

मधल्या दुभाषी सुचितानं त्या दिवशी एखादं वाक्य बापाच्या शब्दाला शब्द लावून सांगितलं असेल, तर ते हे. विसेंतेनं मे महिन्याचं तिकीट काढलं.

ज्या दोघांचं लग्न, त्यांना कोणी विचारलं नाही. पंचफुलाला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ती पांढुर्ण्यात जन्मली, सौंसरात दिली गेली, आणि फिरायला म्हणून फार तर शेजारच्या रामाकोन्यापर्यंत गेली होती. लग्न सौंसरात झालं तर आपल्या वाट्याला काय येणार, हे तिला पाठ होतं. भट्टीजवळ उभं राहायचं, आहेराचे टॉवेल लावून ठेवायचे, रुसलेल्या नणंदांना मनवायचं, आणि लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या वेळी कोणीतरी हाक मारणार, "वहिनी, साखर कुठं ठेवली?" गेल्या वर्षी सुचितानं हट्टानं तिचा पासपोर्ट काढून दिला होता. रघुनाथराव पोट धरून हसले होते. "हे कुठं दाखवतं? रामाकोन्याच्या बसमधी?"

पासपोर्ट साडीच्या घडीत पडून होता. कोरा.

*

गुणफलक. भारत: एक बाग, फळ नाही. स्पेन: अजून रस्त्यात.

*

पाव्हणे आले. टॅक्सीतून सुचिता आणि जोर्दी उतरले, मग विसेंते उतरला, आणि हेमराजनं आधी त्याच्याकडे आणि मग भाऊजींकडे पाहिलं. तेच पोट, तीच मिशी, तसंच पाय फाकवून उभं राहणं. दोघांनी हात मिळवले आणि दोघांनीही सोडायला उशीर केला. विसेंतेच्या काखेत एक खोकं होतं, लाल-पिवळ्या फितीनं बांधलेलं.

"इवाई, आधी पानी," रघुनाथराव व्याह्याला म्हणाले.

इवाई म्हणाला, आधी बाग.

पुढचा भाग नीट सांगता येणार नाही, कारण तिथं दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. बोललं जात होतं ते, आणि सुचिता सांगत होती ते. तेव्हा जसं घडलं तसंच देतो.

रघुनाथराव: "अबे, हात नको लावू! सुचिता, सांग त्याले. आमच्यात पाव्हणा झाडाले हात लावत नाही. पाच हजार वर्षांची परंपरा हाय!"

सुचिता (स्पॅनिशमध्ये): बाबा म्हणतात, फांदीला काटे आहेत, जपून.

विसेंते: माझ्या आजोबांपासून मी काट्यांत वाढलो. याला सांग, असली मरायला टेकलेली झाडं आमच्याकडे सरपणात घालतात.

सुचिता (मराठीत): ते म्हणतात, झाडं जुनी आणि भारदस्त आहेत.

रघुनाथराव: "हायेतच! त्याची झाडं कशी, नर्सरीतल्या कुंड्यांसारखी. सांग."

सुचिता (स्पॅनिशमध्ये): बाबांना तुमची बाग बघायची आहे.

विसेंते: आधी हरू तर दे त्याला.

आणि एवढ्यात एक संत्रं आपणहून खाली पडलं. काट्यासकट, दोऱ्यासकट.

विसेंतेनं ते उचललं. काटा पाहिला, दोरा पाहिला. वर फांदीकडे पाहिलं. हेमराजला एकदम खोकला आला आणि तो विहिरीकडे निघून गेला.

"दृष्ट लागू नाही म्हणून," रघुनाथराव ठणकावून म्हणाले. "एकेका फळाले काटा बांधतो आमी. बायकाइचं व्रत असते."

हे मात्र सुचितानं जसंच्या तसं सांगितलं, कारण तिलाही दुसरं काही सुचलं नाही. विसेंतेनं टोपी काढली. काट्याचा फोटो घेतला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला की आमच्याकडेही जुनी रीत आहे, पहिलं फळ नेहमी परक्या देशाच्या खोक्यात ठेवतात. म्हणून या खोक्यावर स्पेनचं नाव नाही.

पंचफुला शिडीला टेकून उभी होती. ती पांढुर्ण्याची. तिथं नदीच्या दोन काठांवरची माणसं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर दगड फेकतात. ती लहानपणापासून ते पाहत आली होती आणि तिला ते कधीच आवडलं नव्हतं. आज मात्र तिला वाटलं, तिथं निदान दगड तरी खरे असतात.

*

स्वयंपाकघरात आल्या आल्या सुचितानं दार लोटलं.

"आई, कोणाला सांगू नको. जोर्दीच्या बाबांची संत्री विमानतळावरच काढून घेतली. बाहेरचं फळ आणू देत नाहीत. तिथं उभे राहून भांडले गं ते! शेवटी नागपुरातून पेटी घेतली. टॅक्सीत बसून मी आणि जोर्दीनं स्टिकर काढले. माझी नखं बघ."

पंचफुलानं नखं पाहिली. मग खोक्यातली संत्री परातीत ओतली. तळाच्या एका संत्र्यावर एक स्टिकर राहून गेला होता.

निळं पाखरू.

तिनं दार पुढं ओढलं आणि लेकीला त्याची मागची बाजू दाखवली. पाखरांचा थवा बसला होता.

"म्हणजे बाबांची पण..."

"गप राय."

"हे कुठलं आहे माहितीये? दक्षिण आफ्रिकेचं!"

"असू दे बिचारं," पंचफुला म्हणाली. "त्याले कुठं माहीत हाय आपन कोनासाठी भांडून राहिलो."

आणि पदर तोंडात कोंबून दोघी मायलेकी ओट्याला धरून हसल्या.

*

ओसरीत सामना सुरू झाला. रघुनाथरावांनी स्पेनची फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, मान हलवली आणि चोथा मुठीत घेतला.

"पानी हाय पानी. वास नाही, चव नाही. आमच्या इथं बैलाले देल्लं तं बैल मालकाकडं पाहीन."

विसेंतेनं सौंसरची फोड चावली आणि औषध घेतल्यासारखं तोंड केलं. सुचितानं सांगितलं, "ते म्हणतात, वासच वास आहे. न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं."

एकाच पेटीवाल्याची फळं. बहुतेक एकाच बागेतली, कोण जाणे, एकाच फांदीवरची. देशप्रेम छातीत असलं तर बरं असतं. जिभेवर उतरलं की जीभ कामातून जाते.

बराच वेळ असंच चाललं. बी, साल, रस, रस्ते, रेल्वे, आजोबा. शेवटी हेमराज वैतागला. "भाऊजी, असं नाही जमायचं. दोघाइचे डोळे बांधा. दोन फोडी द्या. गोड कोनती ते सांगा, पयली का दुसरी. ज्याची निघन त्याच्या दारी मांडव."

"बांध! माह्या जिभेले डोळे हायेत," रघुनाथराव म्हणाले.

विसेंतेनंही मान पुढं केली. फोडी कोणी द्यायच्या यावर दोघांचं चटकन एकमत झालं, त्या दिवसातलं पहिलंच. पंचफुलानं. रघुनाथरावांचा विश्वास, कारण बायको आपली. विसेंतेचा विश्वास, कारण आल्यापासून याच एका बाईनं स्वतःच्या कशाचीच फुशारकी मारली नव्हती.

पंचफुला आत गेली. दोन थाळ्या घेतल्या. संत्रं मात्र एकच घेतलं. सोललं, अर्ध्या फोडी या थाळीत, अर्ध्या त्या थाळीत.

दारात लेक उभी राहून पाहत होती. "आई, काय करून राहिली?"

"वाढून राहिली."

ओसरीत दोन दुपट्टे, दोन मिशा, दोन उघडी तोंडं. तिनं पहिली फोड दिली. दोघांनी चघळली. दुसरी दिली. पहिल्या घासानं तोंड तयार होतं आणि दुसरा घास नेहमीच गोड लागतो, हे रोज वाढणारीला वेगळं शिकावं लागत नाही.

"दुसरी!" रघुनाथराव ओरडले. त्यांच्या डोळ्यांवरचा दुपट्टा ओला झाला होता. "ही माही! ही सौंसरची माती हाय!"

विसेंतेही दुसरीच म्हणाला. छाती ठोकून म्हणाला. दोघांनी डोळे सोडले आणि पंचफुलाकडे पाहिलं.

"सांग वो," रघुनाथराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "दुसरी कोनाची?"

पंचफुलानं पदराला हात पुसले. सुचिताकडे पाहिलं नाही. दाराकडेही पाहिलं नाही.

"पाव्हण्याची," ती म्हणाली.

*

रघुनाथराव तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात घुसले.

"काहून वो? खरं सांग. दुसरी माहीच होती ना?"

"तुमची? तुमची कोनती?"

"म्हंजे... हेमराजनं आनलेली."

"जा मंग, बाहेर जाऊन तसं सांगा. सुचिताले म्हना, आज बराबर सांगजो इवाईले."

रघुनाथराव गेले नाहीत. उभे राहिले, माठातलं पाणी प्याले, आणि परत उभे राहिले. "सारी सोयरधायर इथं, आन मांडव तिथं! लोक काय म्हनतीन?"

"म्हना, देलेला शब्द पाळला. पाच हजार वर्षांची परंपरा हाय."

ते बाहेर गेल्यावर थाळ्या परत द्यायला विसेंते आला. जिंकलेला माणूस, पण चालत होता चोरासारखा. दाराच्या मागं त्याची नजर गेली. तो थांबला. एका पाखरावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग पंचफुलाकडे पाहिलं.

पंचफुलानं त्याच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. तो त्यानं एका दमात संपवला आणि आल्यापासून पहिल्यांदाच एखाद्या वस्तूला नाव ठेवलं नाही.

*

अंतिम गुणफलक. भारत: शून्य. स्पेन: शून्य. दक्षिण आफ्रिका: दोन्ही थाळ्या. पांढुर्णा: एक.

*

ऊन उतरल्यावर पंचफुलानं कपाट उघडलं. साडीच्या घडीतून पासपोर्ट काढला आणि लेकीला विचारलं, "तिकडे थंडी असते काय गं? स्वेटर कोनतं घेऊ?"

बाहेर ओट्यावर रघुनाथराव हेमराजजवळ सरकून बसले होते. बागेत उरलेली संत्री एकेक करून, आवाज न करता, झाडावरून पडत होती.

"हारलो तं हारलो," ते म्हणाले. "पन लग्नात परत होऊन जाऊ दे. आपली संत्री घेऊन जाऊ. त्याच्या दारात त्याले हारवू."

"भाऊजी, इमानतळावर काढून घेते म्हनते."

रघुनाथरावांनी मिशी चावली. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"हेमराज, स्पेनात कोनी वयखीचा फळवाला हाय काय रे तुहा?"