तिवरांची लागवड आणि सव्वाबाराची भरती

समुद्राची पातळी वाढत आहे. ही वाढ कोणत्याही सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय चालू असल्यामुळे शासनाला ती पसंत नाही. तिला आवर घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला भिंतीचा. पण भिंत पडते, आणि पडली की ती कुणी बांधली असा प्रश्न निघतो. दुसरा मार्ग निसर्गाचा. किनाऱ्यावर झाडं असू द्यायची आणि पाणी त्यांनी अडवायचं. झाड पडलं तर ते कुणी बांधलं असं कोणी विचारत नाही. म्हणून सगळ्या विचारी लोकांना दुसरा मार्ग पटतो.

या हेतूने भिवंडीत ‘निसर्गाधारित किनारा संरक्षण कक्ष’ स्थापन झाला. त्याला निजामपुऱ्यात हसनशेठच्या लूमच्या वरचा माळा मिळाला. खाली कापडाचे चोवीस लूम चालत, त्यामुळे वर टेबलं थरथरत आणि कक्षप्रमुख मनोज साहेबांची सही लाटेसारखी उमटे. (वरिष्ठांना ती विषयाला धरून वाटली.) कक्षापासून खाडी दिसत नसे, पण नकाशा होता, आणि नकाशातली खाडी कधीच ओहोटीला जात नाही.

खाडीकाठच्या तिवरपाड्यात चिंधू दाजी राहत होते. दाजींच्या भाताच्या खाचरापुढे मातीचा बांध होता, बांधापुढे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान आणि त्यापुढे खाडी. बांध दाजींच्या आजोबांनी घातला होता. तिवरं कुणी लावली ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. २००५ च्या जुलैच्या पुरात शेजारच्या तीन पाड्यांचे बांध फुटले. त्यांच्यापुढची तिवरं आधीच सरपणाला गेली होती. दाजींचा बांध मात्र बोटभरही सरकला नाही. दाजींना याचं कौतुक नव्हतं. पावसाळ्यात छपराखाली कोरडं राहायचं, यात कौतुक कसलं?

कौतुक कक्षाला होतं. एक यशस्वी प्रकरण आयतं हाती आलं होतं. मनोज साहेब स्वतः तक्ता घेऊन आले आणि पहिल्याच रकान्यात अडले. रकाना होता ‘वृक्ष लावल्याचा दिनांक’.

“साहेब, ही तिवरां कोनी लावली न्हाईत,” दाजी म्हणाले. “ती हायत.”

‘हायत’ असा दिनांक चालत नाही. साहेबांनी लिहिलं, ‘दिनांक उपलब्ध नाही, सबब वृक्ष उपलब्ध नाहीत.’ तेव्हापासून ती एक हजार आठशे चाळीस तिवरं कागदावरून गेली. (हा आकडा पुढे ती तोडणाऱ्या कंत्राटदाराने दिला. त्यापूर्वी ती कुणीच मोजली नव्हती.)

जिथे वृक्ष उपलब्ध नाहीत तिथे ते लावणं हे कक्षाचं कर्तव्यच होतं. दोनशे रोपं मंजूर झाली. एक मान्यवर पाहुणे ठरले. निसर्ग हाच खरा गुरू, म्हणून मुहूर्त गुरुपौर्णिमेचा, सकाळी अकराचा. हा विचार इतका सुंदर होता की पत्रिका लगेच छापायला गेली.

पत्रिका बघून दाजींनी बोटं मोजली. खाडीकाठच्या माणसाला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि दाजींची खाडी आत असल्यामुळे वर तासभर धरायचा. पुनवेची तिथी पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर एक तास.

“सव्वाबाराला पुरी भरती,” दाजींनी कक्षाच्या माळ्यावर जाऊन सांगितलं. “त्यात पुनवेचा उधान. पावनं गळ्याइतक्या पान्यात काय लावतील? अष्टमीला बोलवा, पानी लांब ऱ्हातंय.”

“अष्टमीला पाहुणे नागपुरात आहेत, दाजी.”

“मंग पानी तरी कवा थांबलाय कोनासाठी?”

साहेबांना ही अडचण खरी वाटली. माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांनी टिपणी केली, ‘कार्यक्रमस्थळी समुद्र येण्याची शक्यता.’ वरून शेरा आला, ‘समुद्रापासून संरक्षण हेच योजनेचे उद्दिष्ट असल्याने कार्यक्रमस्थळ संरक्षित करावे.’ यात चूक काढायला जागा नाही.

कार्यक्रमस्थळ संरक्षित करायचं म्हणजे उंच करायचं. उंच करायचं म्हणजे भराव. भराव तिवरांवर टाकता येत नाही, फांद्या आड येतात. म्हणून तिवरं काढायची. ती कागदावर नव्हतीच, त्यामुळे हे काम ‘गवत साफ करणे’ या सदरात बसलं. भरावाला माती हवी, ती मागच्या टेकडीची घेतली. कंत्राट दाजींच्या सख्ख्या पुतण्याला, भावेशला मिळालं. त्याच्याकडे चार डंपर होते, शिवाय निसर्गाची आवड. (त्याच्या चारही डंपरवर हिरवं पान रंगवलेलं होतं.) ज्येष्ठ संपायच्या आत साडेसहाशे डंपर मुरूम पडला. भराव तात्पुरता होता. तात्पुरता म्हणजे काढण्याचा आदेश निघेपर्यंतचा, आणि असा आदेश काढण्याविषयीचा आदेश अजून निघायचा आहे.

पहिलं तिवर पडलं तेव्हा दाजी बांधावर उभे होते. त्यांना राग आला, पण राग कुणावर धरायचा ते कळेना. कोयता पुतण्याचा होता, हुकूम कागदाचा आणि हेतू तिवरं वाढवण्याचा.

“अरे भावेश, ह्यांनीच आपली घरां वाचवली ना रं?”

“काका, तेच्यासाठीच तर नवीन लावताव!” भावेश म्हणाला. “ही जुनी झायली.”

गुरुपौर्णिमा उजाडली. पाहुणे अकराला यायचे ते बाराला आले. साहेब साडेअकराला आले, ध्वनिक्षेपक बारा वाजून पाच मिनिटांनी आला. बरोबर वेळेवर फक्त भरती आली. पण भराव चांगला आठ फूट उंच होता. पाहुण्यांच्या बुटाला थेंब लागला नाही. त्यांनी पहिलं रोप लावलं आणि उरलेली एकशे नव्याण्णव त्यांच्या नजरेने लागली. मग ते बोलायला उभे राहिले.

आता उधाणाच्या पाण्याला कुठेतरी जावंच लागतं. एरवी ते तिवरांत शिरून, मुळांत अडून, दमून परत फिरे. आज समोर आठ फूट मुरूम होता. पाणी सरळमार्गी असतं, ते बाजूने गेलं. बाजूला दाजींचा उघडा बांध होता. पाहुणे “निसर्ग हा आपला रक्षक आहे” या वाक्यावर आले आणि त्याच वेळी बांध दहा हात फुटला.

दाजींची बायको चंद्राबाई गुडघ्यापर्यंत भिजून धावत मांडवात आली.

“आवो, घरान पानी शिरलाय! चूल इझली!”

पाहुणे थांबले आणि त्यांनी हात जोडले. साहेबांनी नोंद केली, ‘स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त सहभाग.’ दाजी तोवर बांधाकडे पळाले होते. त्यांनी खाचरात उतरून फुटीत आधी दगड टाकले, मग घराचं दार काढून आडवं लावलं. पाणी दारासकट आत गेलं. रोवलेलं भात खारट पाण्याखाली दिसेनासं झालं तेव्हा दाजी चिखलात बसून लहान मुलासारखे रडले. (भाषणाला तेव्हा टाळ्या पडत होत्या, म्हणून ऐकू आलं नाही.)

योजनेचं मूल्यमापन दुसऱ्या वर्षी झालं. भरावावरची दोनशेच्या दोनशे रोपं वाळली होती, कारण तिवराला चिखल लागतो, मुरूम नाही. मात्र दाजींच्या खाऱ्या झालेल्या खाचरात पलीकडच्या काठावरून बी वाहत येऊन तिवरं आपोआप उगवली होती. ती सहाशे ऐंशी भरली. दोनशे लावली, सहाशे ऐंशी जगली, म्हणजे जगण्याचं प्रमाण तीनशे चाळीस टक्के. एवढं यश राज्यात दुसऱ्या कुठे मिळाल्याचं कक्षाच्या तरी ऐकिवात नाही. या वेळी दिनांकाचा रकानाही अडला नाही, तिथे गुरुपौर्णिमेची तारीख पडली.

एवढं मौल्यवान वन जपायलाच हवं. म्हणून दाजींना नोटीस गेली की बांध दुरुस्त करू नये, भात लावू नये आणि स्वतःच्या खाचरात विनापरवाना उतरू नये. पुनवेला घरात पाणी येतं अशी त्यांची तक्रार होती. उत्तर आलं, की घर वनाच्या हद्दीत आलं आहे, वन घरात आलेलं नाही.

भरावावर मात्र एकही तिवर नव्हतं. तिवर नाही म्हणजे वन नाही, आणि जागा आठ फूट उंच, कोरडी, रस्त्याला लागून. तिथे भावेशने गोदाम बांधलं. घरचा माणूस विसरण्यातला तो नाही. त्याने दाजींना रखवालदार ठेवलं.

दाजींचं काम चोख आहे. ते अजून बोटं मोजतात. पुनव-अवसेच्या आदल्या दिवशी ते खालच्या फळीवरचा सगळा माल वरच्या फळीवर चढवून घेतात, कारण भरावाचा मुरूम खचत गेला आहे आणि आता उधाणाचं पाणी गोदामाच्या उंबऱ्यापर्यंत येतं. मग ते घरी जातात आणि चूल पलंगावर चढवतात. गोदामातला एकही नग आजवर भिजलेला नाही.

तुम्ही दिवाळीला घेतलेला फ्रीज तिथलाच. मुलीच्या लग्नातला टीव्हीही. तुमच्या हातातलं हे पुस्तकदेखील दुकानात येण्याआधी अडीच महिने तिथेच, डावीकडून तिसऱ्या रांगेत, वरच्या फळीवर होतं. एकदा पान नाकाशी धरून बघा. खारट वास येत नाही ना? मग तुमच्यापुरतं किनाऱ्याचं संरक्षण झालेलं आहे.